दिवस ढाक्याच्या कॅलेंडरवर मोजा

प्रश्न काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याचा आहे. आंबिया बहाराचे शेवटचे दोन ट्रक एलसीवर, म्हणजे ठरलेले कागद बिनचूक दिले की खरेदीदाराची बँक पैसे देणार या हमीवर, सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यामार्गे बांगलादेशला गेले. माल पलीकडच्या बेनापोलहून उचलला गेला, विकलाही गेला. पण ढाक्याच्या बँकेने कागदपत्रं नाकारली, कारण इनव्हॉइसवर १,२६० क्रेट आणि पॅकिंग लिस्टवर १,२०६. आता खरेदीदार म्हणतो, ड्युटी परवडत नाही, चाळीस टक्के सोडा, उरलेले लगेच देतो. फसवणुकीची तक्रार करावी की सूट देऊन मोकळं व्हावं?

अशी पत्रं दर हंगामात येतात आणि प्रत्येकात खरेदीदाराला शिव्या असतात. त्याला तूर्त बाजूला ठेवा. त्यांच्याकडे २०१९ मध्ये किलोमागे २० टका असलेलं आयात शुल्क २०२३ मध्ये ८८ वर गेलं, हे खरं आहे. पण एलसीला त्याच्याशी देणंघेणं नाही. बँक संत्री बघत नाही, कागद बघते. आणि कागदात चूक तुमचीच आहे. साठचे सहा झाले ते ढाक्यात नाही, तुमच्या गोदामात. पॅकिंग लिस्ट कोणी वाचलीच नाही का?

असो. तुम्ही पाठवलेल्या कागदांत कामाची गोष्ट एकच, आणि ती तुम्ही पत्रात लिहिलीसुद्धा नाही : तारखा. कागदपत्रं ढाक्याच्या बँकेला मंगळवारी, २० जानेवारीला मिळाली. नकाराचा ७३४ क्रमांकाचा स्विफ्ट संदेश (बँका एकमेकींना पाठवतात तो) बुधवारी, २८ तारखेला निघाला. तुमच्या एलसीला यूसीपी ६०० ही एलसीची आंतरराष्ट्रीय नियमावली लागू आहे. त्याच्या १६व्या कलमाप्रमाणे नकार कळवायला बँकेला कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच बँकिंग दिवस असतात. पाचवा दिवस टळला की चूक कितीही खरी असो, ती दाखवायचा हक्क बँक गमावते.

नागपूरच्या तुमच्या बँकेतल्या साहेबांनी ‘पाच दिवसांतच आलंय’ म्हणून सांगितलं. त्यांनी २१, २२, २३ धरले, चौथा शनिवार, रविवार आणि २६ जानेवारी सोडली, मग २७ आणि २८. झाले पाच. पण कागद तपासत होती ढाक्याची बँक. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी काम, आणि आपला प्रजासत्ताक दिन त्यांच्यासाठी साधा सोमवार. म्हणजे २१, २२, २५, २६, २७. पाचवा दिवस मंगळवारीच संपला. नकार एक दिवस उशिरा आला!

मधल्या दिवसांत तिथे स्थानिक सुट्टी नव्हती ना, याची खात्री करून घ्या. एक सुट्टी निघाली तरी हा हिशेब कोसळतो. नकाराच्या संदेशात सगळ्या चुका एकदमच मांडल्यात का आणि कागदांचं बँक काय करणार हे लिहिलंय का, तेही बघा. ते नसेल तर नकार वेळेत असूनही लंगडा ठरू शकतो. बँकेच्या शिक्क्याशिवाय माल बेनापोलहून सुटला कसा, हा वेगळाच मुद्दा आहे. तिथल्या बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडे भरलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत हाती लागल्याशिवाय त्यावर बोलणार नाही.

खरेदीदाराला तोवर काहीही लिहू नका. व्हॉट्सॲपवर ‘ठीक आहे, बघू’ असंसुद्धा नाही. सूट मान्य केल्याचा एक मेसेज निघाला, तर ढाक्याची बँक तोच पुढे करेल. नागपूरच्या बँकेला लेखी सांगून १६व्या कलमाचा हवाला देणारा स्विफ्ट पाठवायला लावा आणि पूर्ण रक्कम व्याजासह मागा. उत्तर आलं नाही तर बांगलादेश बँकेकडे, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेकडे, तक्रार, आणि ढाक्यातल्या आपल्या उच्चायुक्तालयाच्या वाणिज्य विभागाला त्याची प्रत.

नागपुरात दावा लावायचा का? लावता येईल, पण आधी व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या १२-अ कलमाखालची मध्यस्थी, मग इथल्या कोर्टाला अधिकार आहे का यावर वाद, मग तारखा. हुकूमनामा मिळालाच तर तो ढाक्यात वसूल करायचा. संत्र्याच्या कलमाला फळ धरेल तोवर. पोलिसांत तक्रार तर नकोच. त्यांनाही ती नको असते.

चार महिने तुम्ही फोनवर घालवलेत. आता निदान एक काम आजच करा. कागद २० तारखेलाच पोचले याचा पुरावा म्हणजे कुरिअरची पोच. साइटवरची ती नोंद कायम राहत नाही. सही-शिक्का दिसेल अशी प्रत कुरिअर कंपनीकडून मागून घ्या, आणि मग या.