कोरडवाहू कापसाचे पैसे हातात का राहत नाहीत?

प्रश्न : पारोळा तालुक्यात माझी चार एकर कोरडवाहू जमीन आहे. दहा वर्षांपासून कापूस लावतोय, हातात तेवढंच उरतं. रावेर-यावलचे केळीवाले कुठल्या कुठे गेले. आम्ही काय करावं?

उत्तर : भाऊ, आधी केळीशी बरोबरी मनातून काढा. तिकडे तापीकाठची काळी जमीन आहे, पाणी आहे, एकरी भांडवलही मोठं लागतं. कर्ज काढून बोअर पाडली आणि ती कोरडी गेली, तर आहे ती जमीनही गहाण पडेल.

तुमचा पैसा शिवारापेक्षा उधारीत जास्त अडकलाय. जूनमध्ये बियाणं-खत उधार आणलं की पहिल्या वेचणीचा ओला कापूस त्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. भाव तो सांगतो, कटतीही (वजनातली कपात) तोच लावतो. बागायतदाराला भावासाठी थांबता येतं, तुम्हाला येत नाही. गावातली दरी इथेच रुंदावते, आणि मला हे दर हंगामात दिसतं.

म्हणून पीककर्ज विकास सोसायटीतून किंवा बँकेतून घ्या. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात व्याज पडत नाही. खातं थकलं असेल तर शाखेत जाऊन पुनर्गठनाचं, म्हणजे कर्जाचे हप्ते नव्याने बांधून घेण्याचं विचारा, संकोच करू नका. कापसात मुगाच्या ओळी घ्या. साधारण साठ-पासष्ट दिवसांचं पीक, पोळ्याच्या सुमारास घरात येतं आणि मजुरीपुरता पैसा मोकळा होतो.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ८ टक्के ओलाव्याच्या वर दर टक्क्याला, त्या भावाने क्विंटलमागे सुमारे ८१ रुपये कमी होतात, १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. दव सुकल्यावर वेचा, ताडपत्रीवर वाळवा. सरकी दाताखाली धरा, ‘कट्ट’ आवाज आला की माल तयार. कवडी (किडका, डागी कापूस) वेगळी ठेवा, मूठभर कवडीने अख्ख्या गाडीचा भाव पडतो.

शेजारच्या दहा कोरडवाहूवाल्यांनी मिळून एकच गाडी भरा. भाडं वाटलं जाईल आणि घरी काटा करून नेलेल्या मालाला मापात मारता येणार नाही. गटात सुरुवातीला लहान खातेदारच घ्या, नाहीतर निर्णय मोठ्यांच्या सोयीने होतात. फरदड (हंगाम संपल्यावरही झाडं ठेवून घेतलेला कापूस) मात्र घेऊ नका, गुलाबी बोंडअळी पुढच्या वर्षाचं पीक खाते.

ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईल ॲपवरच्या सरकारी पीक नोंदीत, कापसाचा पेरा नोंदला नसेल तर केंद्रावर अडचण येते. मोबाईलवर जमत नसेल तर गावच्या पीक पाहणी सहायकाची मदत घ्या.