आधी बिलावरचं नाव, मग पॅनल

नमस्कार. मंडळाच्या गच्चीवर सोलर बसवण्याबद्दल तुम्ही विचारलंय: इंदुरात मंडळाची स्वतःची वास्तू, वर सभागृह, 15 किलोवॅटचं कोटेशन, वीजबिल अजून दिवंगत माजी अध्यक्षांच्या नावावर, आणि विक्रेता म्हणतोय, "70 टक्के आगाऊ द्या, कागद मागाहून होतील." तुमचं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. कागद मागाहून होत नाहीत. आमच्याकडे सोलर बसवताना सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इथेच गेला.

नेट मीटरचा (घेतलेली आणि सोलरने ग्रिडला परत दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज बिलावर ज्याचं नाव, त्याच्याच नावाने होतो. तुमचं पॅन संस्थेचं, खातं संस्थेचं, बिल मात्र व्यक्तीचं. म्हणजे आधी नामांतरण, बिलावरचं नाव बदलणं, आलं. त्यात नोंदणी हिंदीत, पॅन इंग्रजीत, आणि दोन्हींत मंडळाचं नाव एका अक्षराने वेगळं असलं, तर फाइल हमखास परत. वीज कार्यालयाच्या ज्या खिडकीशी आमची गाठ पडली (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) तिथे एका खेपेला एकच कागद मागतात. आज ठराव. पुढच्या खेपेला कार्यकारिणीची चालू यादी. मग मृत्यूचा दाखला. मग थकबाकी नसल्याचं पत्र. तोवर कार्यकारिणी बदलते आणि पहिला ठराव शिळा होतो! म्हणून हे सगळं, शिवाय नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि मालमत्ता कराची पावती, एकाच फायलीत दोन संच करून द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मंजूर भारही (कनेक्शनला किती किलोवॅट मंजूर आहेत ते) तेव्हाच बघा. 15 किलोवॅटहून कमी असेल तर सहसा भारवाढ करावी लागते, आणि तिच्याबरोबर स्थिर आकार (युनिटं कितीही वापरा, बिलात लागतोच तो) चढतो. सोलरने युनिटं कमी होतात, स्थिर आकार नाही. हे कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही.

कागद व्हायच्या आत आगाऊ रक्कम दिली की माल लगेच येतो आणि सभागृहात पडून राहतो. खरं नुकसान तिथे. 540 वॅटचा पॅनल साधारण 28 किलोचा. खोक्यातून काढून एकावर एक आडवे रचले, वर आचाऱ्याने पातेली ठेवली, की आतल्या सेलना केसासारख्या चिरा जातात. डोळ्यांना काही दिसत नाही. दोनेक उन्हाळ्यांनी तोच भाग तापून काळा पडू शकतो. वॉरंटीही बहुधा बिलाच्या किंवा माल निघाल्याच्या तारखेपासून मोजतात, पॅनल बसवल्यापासून नाही. पैसे टप्प्यांनी द्या, आणि मोठा टप्पा नेट मीटर लागल्यावर.

"तोवर टेस्टिंगला चालू करून बघू" असं विक्रेता म्हणाला तर चक्क नाही म्हणा. साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरमधून वीज उलटी गेली तर बरेच मीटर तीही वापर म्हणूनच मोजतात. सोलर चालू आणि बिल वाढलेलं, अशी गंमत होते.

78,000 रुपयांच्या अनुदानाचं कोणी सांगितलं असेल तर तो पीएम सूर्यघर योजनेतला (2024) घरगुती 3 किलोवॅटचा आकडा आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींना किलोवॅटमागे 18,000 आहेत. मंडळाचं बिगरघरगुती कनेक्शन यात बसत नाही. तरी तुमचं बिल कोणत्या वर्गात आहे ते एकदा बघून घ्या.

आता गच्ची. 540 चे 28 पॅनल, म्हणजे 15.12 किलोवॅट, 14-14 च्या दोन माळा (एकामागे एक जोडलेले पॅनल म्हणजे माळ). जागा 1500 चौरस फूट धरा. वर्षाची सरासरी दिवसाला 60 युनिटं, पावसाळ्यात बरीच कमी. सावली आत्ता नका बघू, डिसेंबरची धरा: 22 डिसेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास टाकीची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट पडते. माळेतल्या एका पॅनलवर सावली आली की अख्ख्या माळेचं उत्पादन घसरू शकतं. सावलीतले पॅनल घ्यायचेच असतील तर ते वेगळ्या माळेत, इन्व्हर्टरच्या (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणाऱ्या यंत्राच्या) वेगळ्या एमपीपीटीवर, म्हणजे माळ स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्या वेगळ्या इनपुटवर.

जुन्या स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, वॉटरप्रूफिंग गेलं की सभागृहाचं छत गळणार. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करा, पण एक घनफुटाचा ठोकळा 68 किलोच्या आसपास भरतो. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आधी. मी इंजिनिअर नाही, स्लॅबबद्दल माझं ऐकू नका. अर्थिंगचे खड्डे मात्र तीनच हवेत: डीसी, एसी आणि तडितरक्षक, वेगवेगळे. दोनात भागवतो म्हणणारा विक्रेता बदला. एमसी-4 कनेक्टरची (पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या प्लगची) जोडीही एकाच कंपनीची हवी. नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या, की सांधा तापून जळू शकतो.

वीज गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद होतं, भर दुपारी सुद्धा. लाइनमनचा जीव वाचावा म्हणून इन्व्हर्टर तसा बनवलेलाच असतो. हे लग्नाच्या पार्ट्यांना बुकिंग देतानाच सांगून ठेवा, आणि जनरेटर काढून टाकू नका.

आणि गच्चीवर नर्मदेच्या (इंदुरात नळाला येणाऱ्या) पाण्याचा एक नळ घ्या. बोरिंगच्या पाण्याने धुतलं की काचेवर पांढरे डाग बसतात, आणि ते मग घासूनही निघत नाहीत. धुणं सकाळी, काच तापायच्या आत.