वळू शुद्ध, गायी मात्र संकरित!

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत नेब्रास्काला एका रँचवर नोकरीला आहे. तिथे गुरं मांसासाठी पाळतात. भाचा म्हणतो, मालक वळू घेताना वंशावळीचे कागद बघून भरपूर पैसे मोजतो, पण कळपातल्या गायी मुद्दाम संकरित ठेवतो. माझं माहेर सांगोल्याचं. तिथे खिलारात भेसळ झाली की जनावर वाया गेलं म्हणायचे. मग शुद्ध चांगलं की संकर? गायीचा फोटो सोबत आहे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : मालक पक्का हिशेबी दिसतो. फोटोतली गाय बघा : अंग काळं कुळकुळीत, तोंड पांढरं, शिंगं नाहीत. अँगस आणि हेरफर्ड या मांसाच्या दोन विलायती जातींच्या संकराची ही पहिली पिढी. काळा रंग अँगसचा, पांढरं तोंड हेरफर्डचं. तिकडे हिला 'ब्लॅक बॉल्डी' म्हणतात.

एकाच जातीत पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली की गुण पक्के होतात, तसे दडलेले दोषही. दुसरी जात मिसळली की एकीचा दोष दुसरी झाकते. हा संकराचा जोम सगळ्यात जास्त कुठे दिसतो? गाभण राहण्यात, वासरू जगण्यात, गाय जास्त वेतं टिकण्यात. मांसाचा दर्जा बराचसा आईबापांकडून सरळ उतरतो, तिथे या जोमाचा फारसा उपयोग नाही. नेब्रास्कातल्याच जुन्या प्रयोगांत संकरित गायींना संकरित वासरं झाली, तेव्हा फळवायला सोडलेल्या दर गायीमागे दूध तोडताना वासराचं वजन शुद्ध कळपापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक भरलं. वासरं वजनावर विकणाऱ्याला आणखी काय हवं? शिवाय गाभण न राहिलेली भाकड गायही हिवाळाभर चारा तेवढाच खाते.

मग वळूही संकरितच का नको? कारण ब्लॅक बॉल्डीला ब्लॅक बॉल्डीच वळू दाखवला तर पुढच्या पिढीत निम्मा जोम उतरतो, आणि वासरं एक लहान, एक मोठं अशी निघतात. व्यापाऱ्याला सारखा माल लागतो. म्हणून या गायींवर शारोलेसारखा तिसऱ्या जातीचा शुद्ध वळू सोडतात. शुद्ध कळप कोणी राखलेच नाहीत, तर संकर कशाचा करणार?

आणि शुद्ध म्हणजे तरी काय! टेक्सासच्या उन्हात आणि गोचिडांत विलायती गुरं तग धरेनात, तेव्हा वशिंडवाला ब्राह्मण वळू कामी आला. हा ब्राह्मण आपल्या कांकरेज, गीर, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांपासून तिकडे घडवलेला. टेक्सासच्याच किंग रँचने पाच अष्टमांश विलायती शॉर्टहॉर्न आणि तीन अष्टमांश ब्राह्मण असा मेळ बसवला, आणि 1940मध्ये त्या संकरालाच 'सांता गर्ट्रूडिस' या नावाने स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. आता त्याचेही वंशावळीचे कागद निघतात.

तुमच्या माहेरच्यांचंही चुकत नव्हतं. त्यांना हवा होता बैल. विलायती संकराच्या खोंडाला वशिंड नावालाच, जू नीट बसत नाही, आणि उन्हात तो लवकर दमतो. आपल्या राज्यात 2015च्या कायद्यापासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे मांसासाठी गाय-बैल पाळण्याचा प्रश्नच नाही. इथे संकर होतो तो दुधासाठी. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. संकरित गायीला पुन्हा होल्स्टीन या विलायती दुधाळ जातीचंच रेतन, तिच्या कालवडीलाही तेच! निम्म्याचे 75 टक्के, मग साडेसत्याऐंशी. अशी गाय सांगोल्याच्या मे महिन्यात धापा टाकते, नीट माजावर येत नाही, आली तर गाभ न धरता उलटते. आणि गोठेवाला म्हणतो, 'संकरित गाय वाईट.' अहो, त्यात संकर उरलाय कुठे?

भाच्याला एक विचारा : पहिलारू कालवडींनाही मालक शारोलेच दाखवतो का? माझा अंदाज, नाही. त्या वळूचं वासरू जन्मतःच दांडगं असतं, पहिल्या वेतात अडतं. कालवडींसाठी हलक्या वासरांचा एखादा अँगस त्याने वेगळा ठेवलेला असणार.