बिरशीचं एएफआयआर अमेरिकेत चालेल का?

भाऊ, तू विचारलंस: गाव तिरोड्याजवळ, गोंदियाच्या बिरशी धावपट्टीवर विमान शिकलो, हातात सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) आणि एएफआयआर (असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग), लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या वहीत, ४२० तास. बायकोला नर्स म्हणून ग्रीन कार्ड मिळतंय, सोबत मलाही. तर माझं इन्स्ट्रक्टर रेटिंग तिकडे बदलून मिळेल का? मी लाखांदूर तालुक्यातली. याच वाटेने आले आणि आता कॅन्ससमध्ये शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

बदलून मिळत नाही. एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, आपल्या लायसन्सच्या आधारावर फक्त प्रायव्हेट पायलटचं सर्टिफिकेट देते. नियमाचा नंबर ६१.७५. त्यावर पैसे घेऊन उडता येत नाही, शिकवणं तर लांबच. इन्स्ट्रुमेंट (बाहेर न दिसता उपकरणांवर उडणं), कमर्शियल आणि मग सीएफआय (इथलं इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट), तिन्ही चेकराइड, म्हणजे परीक्षकासमोरच्या तोंडी आणि उड्डाणाच्या परीक्षा, इथे नव्याने द्याव्या लागतात.

पण तुझे तास वाया जात नाहीत, हे नीट लक्षात ठेव. कमर्शियलला इथे २५० तास लागतात, तुझ्याकडे त्याहून जास्त आहेत. बिरशीतलं उड्डाण इथे मोजलं जातं. फक्त परीक्षेला बसायची शिफारस इथल्या इन्स्ट्रक्टरच्या सहीने यावी लागते. म्हणून आधी नियम ६१.१२९ समोर ठेव, त्यातल्या एकेका अटीपुढे तुझ्या लॉगबुकातलं उड्डाण लिही, आणि जे उरेल तेवढंच विकत घे. माझ्या गळ्यात एका एजंटाने पूर्ण कोर्सचं पॅकेज मारलं. त्यातलं निम्मं मी आधीच उडालेली होते. बाबांनी वावर गहाण ठेवून दिलेले पैसे होते ते, त्याचा सल अजून जात नाही. तू तसं करू नकोस.

सुरुवात ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या कार्यालयाकडे लायसन्स पडताळणीचा अर्ज करून होते. ते डीजीसीएकडून, म्हणजे आपल्या भारतातल्या विमान वाहतूक खात्याकडून, दुजोरा मागवतात. माझं तिथेच अडलं: लायसन्सवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि मधलं वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. तिकडे असतानाच सगळी कागदं एका नावावर आण. ग्रीन कार्ड असलं तरी तू नागरिक नाहीस, म्हणून इन्स्ट्रुमेंटचं ट्रेनिंग सुरू करण्याआधी टीएसए या सुरक्षा खात्याची मंजुरीही लागते. मेडिकल मात्र सोपं आहे. नुसतं शिकवायला थर्ड क्लास पुरतं.

सीएफआयच्या दोन लेखी परीक्षा: शिकवण्याच्या मूलतत्त्वांची एफओआय, ५० प्रश्न, आणि विमानविषयाची १०० प्रश्नांची. दोन्हीला ७० टक्के हवेत. स्पिनचं (विमान गिरक्या घेत खाली येतं त्याचं) ट्रेनिंग घेऊन तशी सही लॉगबुकात लागते. अभ्यास केला की हे सगळं होतं.

खरा कस चेकराइडच्या तोंडी परीक्षेत लागतो. परीक्षक समोर विद्यार्थी होऊन बसतो आणि म्हणतो, मला स्टॉल (पंखांची उचल तुटणं) शिकव. मी फळ्यावर सूत्र मांडलं, व्याख्या घडाघडा म्हटली. तो शांतपणे म्हणाला, "मला नाही समजलं. नाक खाली असतानाही विमान स्टॉल होईल का?" माझ्याकडे वाक्य होतं, उत्तर नव्हतं. नापास झाले. पुढचे तीन आठवडे स्वयंपाकघरात कागदी पंख वाऱ्यापुढे धरून नवऱ्याला समजावत होते, तो हो म्हणेपर्यंत. पाठांतरावर आपण पुष्कळ परीक्षा काढलेल्या असतात, भाऊ. इथे ते चालत नाही, आणि चालू नये असंच मला वाटतं. कारण तिकडे मी शिकवायचे तेव्हा विद्यार्थ्याला सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, सोडायचं की नाही हे मोठे सर ठरवायचे. इथे असिस्टंट ही पायरीच नाही. सीएफआय झालास की सोलोची सही तुझी एकट्याची.

उडताना सवयी बदलाव्या लागतील. अल्टिमीटरचा (उंची दाखवणाऱ्या उपकरणाचा) हवेचा दाब हेक्टोपास्कलऐवजी इंचांत, १०१३ च्या जागी २९.९२. दृश्यता किलोमीटरऐवजी मैलांत. बऱ्याच धावपट्ट्यांवर टॉवरच नसतो. पहिल्यांदा मी रेडिओवर उतरण्याची परवानगी मागितली आणि उत्तराची वाट पाहत राहिले. शेजारचा इन्स्ट्रक्टर म्हणाला, इथे विचारायचं नाही, सांगायचं: कुठे आहेस, काय करतेयस. आणि डोळे बाहेर ठेवायचे. हे अंगवळणी पडायला मला महिना लागला.

जमीन मात्र शिकवायला सोयीची आहे. तिकडे आपण वैनगंगेच्या काठाने रेषा धरायचो. खाली धानाच्या बांध्या, एकही सरळ नाही. इथे रस्ते मैला-मैलावर, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. विद्यार्थ्याचं विमान वाऱ्याने किती वाहवतंय ते रस्त्यावरून लगेच दिसतं.

पगार बहुतेक ठिकाणी तासावर. हवा खराब असली की घरी बसावं लागतं, म्हणून पहिलं वर्ष बायकोच्या पगारावर घर चालेल असा हिशोब दोघांनी आधीच करा. सीएफआयनंतर लगेच सीएफआयआय (इन्स्ट्रुमेंट शिकवण्याचं रेटिंग) कर, म्हणजे इन्स्ट्रुमेंटचे विद्यार्थी मिळतात आणि तास भरतात.

लॉगबुकाचं पान न् पान स्कॅन कर. मूळ वही चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव.