परसातल्या कोंबड्या, परसातली भाजी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : कोंबड्या आणि भाजी एका परसात नांदत नाहीत. नांदतात, आणि एकमेकींच्या उपयोगीही पडतात. फक्त दोघींच्या वेळा आणि जागा आपण ठरवून द्याव्या लागतात.

प्रश्न : घरामागे आठ गुंठे जागा आहे. बारा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा दिवसभर मोकळे असतात. दसऱ्यानंतर माठ, मुळा, वाल पेरला की दोन दिवसांत वाफे उकरून ठेवतात. कोंडून ठेवल्या तर अंडी कमी होतात. मधला मार्ग आहे का? (राजापूर तालुका)

उत्तर : आहे. कुंपण कोंबड्यांना नको, भाजीला घाला. नुकत्याच पेरलेल्या वाफ्याची माती ओली आणि भुसभुशीत असते, किडे-गांडुळं अगदी वरच्या थरात असतात. कोंबडीला यापेक्षा चांगली जागा आख्ख्या परसात सापडत नाही. हाकलून ती सवय मोडत नाही. तुमची पाठ वळली की ती परत येते.

आठ गुंठ्यांतला दीड गुंठा भाजीला वेगळा काढा. तो साधारण 40 बाय 40 फूट भरतो, म्हणजे कुंपण 160 फूट लागेल. उंची पाच फूट ठेवा, कारण गावठी कोंबडी चार फूट सहज उडते. जाळीच्या वरच्या कडेला आडवा बांबू बांधू नका. कोंबडी एका झेपेत पलीकडे जात नाही. आधी वरच्या कडेवर बसते आणि मग आत उतरते. कड लवलवती राहिली तर तिला बसायला आधारच मिळत नाही. खालच्या फूटभर भागाला बारीक जाळी लावा, नाहीतर पिल्लं आत शिरतात आणि त्यांच्या हाकेला कोंबडी जागा शोधत बसते. किनारपट्टीला जुनं मासेमारीचं जाळं स्वस्तात मिळतं आणि ते चालतंही, पण ताणून बांधा. सैल जाळ्यात कोंबडीचे पाय अडकतात, धामणीही गुंततात. रोज सकाळी एक फेरी मारून बघावं.

तरीही एखादी उडून जात असेल तर तिच्या एकाच पंखाची टोकाकडची दहा लांब पिसं कातरा. दोन्ही पंख कापले तर तोल सारखाच राहतो आणि ती उडते. पिसाच्या दांड्यात काळसर रक्त दिसत असेल तर ते पीस अजून वाढतंय, त्याला हात लावू नका. पिसं झडून नवी आली की पुन्हा कातरावं लागेल. मात्र मुंगूस किंवा कुत्रं मागे लागलं तर कातरलेल्या कोंबडीला झाडावर चढता येत नाही, म्हणून सरसकट सगळ्यांची पिसं कापू नयेत.

आता कोंबड्यांना आत कधी घ्यायचं ते. कुंपणातल्या जागेचे तीन तुकडे करा. ज्या तुकड्यातलं पीक संपलं, तिथे दोन ते तीन आठवडे कोंबड्या सोडा. तणाचं बी, गोगलगाईंची पिल्लं, अळ्या, मातीतले कोष असं सगळं त्या वेचून काढतात. काकडी-कारल्याचा मांडव उतरवल्यावर तर सोडाच, कारण फळमाशी मातीतच कोष करते आणि पुढच्या वेलांना तीच त्रास देते. कोंबड्या बाहेर काढल्यावर माती पाण्याने भिजवा, तीन-चार इंच पालापाचोळ्याचं आच्छादन करा आणि दोन आठवडे तशीच राहू द्या. मग मिरची, वांगी, भेंडी लावा. कच्च्या खायच्या भाज्या, म्हणजे कोथिंबीर, मुळा, काकडी, त्या तुकड्यात लगेच घेऊ नका. त्यांना कोंबड्या निघाल्यापासून किमान चार महिने जाऊ द्यावेत.

उरलेल्या मोकळ्या जागेत, नारळ-केळीच्या बुंध्याशी, त्यांना खुशाल उकरू द्या. आंबा-चिकूची दोन-तीन वर्षांची कलमं मात्र जपा. बुंध्याभोवती दीड फुटाचं दगडांचं रिंगण मांडा, नाहीतर मुळं उघडी पडतात. अळू, हळद, गवती चहा यांना त्या सहसा तोंड लावत नाहीत, पण मुळाशी माती भुसभुशीत दिसली की तिथेही उकरतात.

उभ्या पिकातून किडे वेचून घ्यायचे असतील तर सूर्यास्ताआधी तासभरच सोडा, कच्च्या खायच्या भाज्यांत मात्र नको. दिवसभराचं खाऊन पोट बऱ्यापैकी भरलेलं असतं आणि अंधार पडू लागला की त्या आपणहून खुराड्याकडे वळतात. खुराड्याच्या दारात रोज ठरल्या वेळी मूठभर ज्वारी किंवा तांदळाची कणी टाकत गेलात तर हाका मारत फिरावं लागणार नाही.

प्रश्न : कोंबडीखत घातलेली मिरचीची रोपं चार दिवसांत करपली. खत वाईट होतं का? (कुडाळ तालुका)

उत्तर : खत चांगलं होतं, ताजं होतं एवढंच चुकलं. कोंबडीच्या विष्ठेतलं नत्र युरिक आम्लाच्या रूपात असतं आणि ओलाव्यात त्याचा अमोनिया सुटतो. शिवाय क्षारही भरपूर असतात. कोवळी मुळं ते सोसत नाहीत. खुराड्यात नाकाला झोंबतो तोच वास बुंध्याशी येत असेल तर खत अजून कच्चं आहे असं समजा.

आत्ता करायचं ते असं : घातलेलं खत हाताने बाजूला ओढून घ्या आणि दोन-तीन दिवस भरपूर पाणी देऊन क्षार खाली जाऊ द्या. पाणी साचत असेल तर आधी चर काढा. नखाने खोड खरवडून आत हिरवं दिसलं तर रोप फुटेल.

पुढच्या वेळी एक घमेलं विष्ठेला दोन-तीन घमेली सुका पाला मिसळा. ढीग तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही. मुठीत दाबल्यावर हात ओलसर व्हावा पण पाणी गळू नये, इतकाच ओलावा ठेवा. पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा खालीवर करा, पावसात वर झाप किंवा ताडपत्री टाका. अडीच-तीन महिन्यांत ते काळं, मातीच्या वासाचं होतं. मग दर रोपाला दोन मुठी, खोडापासून तीन-चार इंच लांब, एकदा लावताना आणि एकदा फुलं येऊ लागल्यावर.

प्रश्न : एक दिवसाची तीस सुधारित पिल्लं आणली. दहा दिवसांत अकरा गेली. बल्ब लावला होता, खाद्य चांगल्या दुकानातलं होतं. मुलं फार हिरमुसली आहेत. पुन्हा आणावीत का? (सातारा जिल्हा)

उत्तर : आणा, पण आधी बल्ब कोणता आहे ते बघा. हल्ली घरोघरी एलईडी दिवे असतात. त्यांचा उजेड पिल्लांपर्यंत पोचतो, पण ऊब पोचत नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. त्यासाठी जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब हवा. साध्या हवेत पिल्लामागे दोन वॅट धरा, कडाक्याच्या थंडीत तीन. तीस पिल्लांना 60 वॅटचा एक लावा आणि थंडीसाठी 40 चा जोडीला ठेवा. म्हणजे एक उडाला तरी रात्र निभावते.

थर्मामीटर नसला तरी पिल्लं स्वतः सांगतात. बल्बखाली एकावर एक चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय; बल्ब खाली घ्या. चोच उघडून कडेला पसरली असतील तर वर घ्या. सगळीकडे विखरून खात-पीत, मधूनच आडवी होऊन झोपत असतील तर ऊब बरोबर आहे. सगळी एकाच कोपऱ्यात दबली असतील तर वाऱ्याची झोत लागतेय. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंच गोल कडं करा. चौकोनी खोकं नको, कारण कोपऱ्यात दाटी होऊन खालची पिल्लं गुदमरतात. रात्रीच्या मरतुकीत हे कारण फार वेळा असतं.

खाली दोन इंच भाताचं तूस आणि पहिले तीन-चार दिवस त्यावर कागद, म्हणजे ती तूस खात नाहीत. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, म्हणून तो चुरगाळून पसरा आणि रोज बदला. पिल्लं आल्याबरोबर आधी पाणी द्या, पहिले काही तास लिटरला 80 ग्रॅम गूळ घालून. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवा. मग भरडलेला मका, आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं खाद्य. पाण्याची ताटली उथळ हवी, आत गोटे टाका. पिल्लू भिजलं की गारठतं. गुदाला विष्ठा चिकटून वाट बंद झालेली दिसली तर कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवा, ओढू नका. वीज गेली तर कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये, तिच्या धुराने पिल्लं आणि माणसं दोन्ही दगावतात. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा.

लशीचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, आणि त्याची खरी काळजी वाटते. मानमोडी म्हणजे राणीखेत आला की कळपच्या कळप जातो आणि त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या राणीखेतच्या लशीचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी टोचून घ्यायची. तारखा तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्क्या करून घ्या. लशीची कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकाच दिवशी पिल्लं आणावीत, म्हणजे एकच कुपी सगळ्यांना पुरते. ती बर्फातच आणायची आणि सकाळी उन्हाआधी द्यायची. आजारी पिल्लांना लस देऊ नका.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. ओल्या तुसात ती पसरते. पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस त्याच दिवशी काढून कोरडं टाका आणि डॉक्टरांकडून औषध आणा. वाट पाहू नका, दोन दिवसांत फार पिल्लं जातात.

प्रश्न : कोंबड्या दीड वर्षाच्या आहेत. दिवाळीपासून अंडी जवळजवळ थांबली, पिसंही झडताहेत. (जुन्नर)

उत्तर : हा आजार नाही. दिवस लहान झाला की कोंबडी जुनी पिसं टाकते आणि अंड्याला लागणारी प्रथिनं नव्या पिसांकडे वळतात. दोन-तीन महिन्यांत पुन्हा सुरू होतील. तोवर सुकी मासळी, शेंगदाणा पेंड अशी प्रथिनं वाढवा. उजेड हवा असेल तर पहाटे दोन-तीन तास दिवा लावा. इथे ऊब नको, त्यामुळे एलईडी चालतो. आधी मात्र गवताच्या गंजीमागे आणि कुंपणाच्या झुडपात बघून घ्या. गावठी कोंबडी घरट्यात ढेकूण-पिसवा झाल्या की गुपचूप दुसरीकडे घालू लागते.

प्रश्न : सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, कोंबड्यांचं बहुतेक काम त्याच करतात. आता त्यांना वाकवत नाही. घरात तीन वर्षांचं बाळ आहे, ते पिल्लांना उचलून मुके घेतं. काम कसं वाटावं, आणि बाळाला कितपत जवळ जाऊ द्यावं? (सावंतवाडी)

उत्तर : आधी खुराडं उचला. जमिनीपासून अडीच फुटांवर, खाली जाड जाळीची फळी आणि तिच्याखाली ओढता येणारा पत्रा असला की झाडायला वाकावं लागत नाही. अंड्यांच्या खोक्याला मागून झाकण ठेवा. खोकं फूटभर लांब-रुंद-उंच पुरतं, चार-पाच कोंबड्यांत एक. मुंगसासाठी अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी हवी. षट्कोनी पातळ जाळी तो वाकवतो. कडी दुहेरी लावा.

सासूबाईंकडे खाणं घालणं आणि नजर ठेवणं राहू द्या. कोणती खुडूक झाली, कोणती मान टाकून बसली, हे त्यांच्याइतकं लवकर कुणाला कळणार नाही आणि ते काम बसल्या जागी होतं. रोज पत्रा ओढून झाडणं आणि पाण्याची भांडी घासणं घरातल्या तरुणांनी घ्यावं. शाळेतलं मूल असेल तर अकराच्या सुमाराला, नाहीतर शाळेतून आल्यावर, अंडी त्याने गोळा करावीत. बहुतेक अंडी दुपारच्या आत पडलेली असतात.

बाळाला मुके घेऊ देऊ नका. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना, तसंच वयस्कर माणसांना, तो जास्त बाधतो. पिल्लू तुमच्या हातात असावं, बाळाने एका बोटाने पाठीवरून हात फिरवावा आणि लगेच साबणाने हात धुवावेत. खुराड्यात घालायच्या चपला दाराबाहेरच ठेवा. मळकं अंडं कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. धुतलं तर कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि ते टिकत नाही. धुवायचंच तर फोडायच्या आधी धुवा. बाळाला द्यायच्या अंड्यातला बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवा.