रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ला फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर मोकळा सोडणारा) आणि कोन फिल्टर (जास्त हवा घेणारा एअर फिल्टर) लावलाय, आता सायलेन्सरमधून फटाके फुटतात आणि वरच्या वेगाला पिकअप नाही. नुसता कार्ब्युरेटरचा मिक्स्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) फिरवून जमेल का?

नाही जमणार, मेन जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) मोठा टाकावाच लागेल. स्क्रूचा परिणाम आयडलपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच असतो, पाव ते पाऊण नीडल (थ्रॉटलसोबत वर-खाली होणारी सुई) सांभाळते आणि त्याच्या वर सगळं मेन जेटवर, आणि तुम्ही हवा वाढवलीत पेट्रोल तेवढंच ठेवलंत म्हणजे गाडी वरच्या रेंजला लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालणार. जेटवर नंबर कोरलेला असतो, त्याच्या पुढचे दोन-तीन साइझ आणून ठेवा आणि एकेक करून वाढवा, मेकॅनिक एकदम मोठा टाकतात मग गाडी पेट्रोल पिते आणि परत आपल्यालाच ऐकवतात.

क्रम असा ठेवा: आधी मेन जेट, मग नीडल थोडी वर (नीडलला क्लिपसाठी खाचा नसतील तर खाली बारीक वॉशर), आणि स्क्रू अगदी शेवटी, तोही इंजिन चांगलं गरम झाल्यावर. प्रत्येक बदलानंतर फुल थ्रॉटलला पळवून तिथेच इंजिन बंद करा, क्लच दाबून थांबा आणि स्पार्क प्लग काढून बघा. पांढरा म्हणजे अजून लीन, काळी काजळी म्हणजे जास्त झालं, कॉफीसारखा तपकिरी आला की थांबायचं.

फक्त एक, फटाके थ्रॉटल सोडल्यावरच फुटत असतील तर जेटला हात लावण्याआधी बेंड पाइपचं (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) गॅस्केट बघा, तिथून हवा ओढत असेल तर ट्युनिंग कितीही करा आवाज जाणार नाही. आणि हे सगळं कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं, बीएस-6 (नवीन प्रदूषण नियमांच्या) गाडीला फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे जेटच नसतो.