वाचकांचे प्रश्न : स्टुडिओतले बीटल्स

प्रश्न : बीटल्स या ब्रिटिश बँडच्या जानेवारी १९६९मधल्या तालमींवरचा जवळपास आठ तासांचा माहितीपट पाहिला. निम्मा वेळ चौघे (लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन, रिंगो) चहा पितात, जुनी गाणी वाजवतात. यात गाणं घडताना दिसतं कुठे?

उत्तर : गप्पा सोडा, एकच गाणं धरून बघा. ‘गेट बॅक’ घ्या. ७ जानेवारी, ट्विकनहॅम फिल्म स्टुडिओ, लेनन अजून यायचाय. मॅकार्टनी बास गिटार साध्या गिटारसारखी झोडतोय. शब्द नाहीत, नुसते हुंकार. हॅरिसन जांभई देतो आणि थोड्या वेळाने साथीला लागतो. काही मिनिटांत चाल हाती येते. पुढचे वीस दिवस जातात बाकीच्यात. मध्येच हे गाणं स्थलांतरितांविरुद्धच्या ओरडीची टिंगल करणारं होतं. ती कडवी गळली. रिंगोचा स्नेअरवरचा (ड्रमसेटमधल्या खणखणीत छोट्या ड्रमवरचा) घोडदौडीचा ठेका आणि लेननच्या गिटारचा तुकडा पक्का झाला. २१ तारखेपासून वाजवणं लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या ॲपलच्या (बीटल्सच्या स्वतःच्या कंपनीच्या) तळघरात. २२ला बिली प्रेस्टन इलेक्ट्रिक पियानोवर बसला आणि गाणं एकदम भरलं. २७ला मुख्य टेक (गाण्याचं एक सलग ध्वनिमुद्रण).

डमी शब्दांकडेही, म्हणजे खरे शब्द सुचेपर्यंत घातलेल्या कुठल्याही शब्दांकडेही, लक्ष द्या. हॅरिसनला ‘समथिंग’च्या सुरुवातीला शब्द सापडेना, तर लेनन सुचवतो : सापडेपर्यंत ‘कॉलिफ्लॉवर’ म्हण. मात्रा भरतात, चाल अडत नाही. जुनी गाणी म्हणजे टाइमपास वाटतो, पण आमच्या मते ती हात मोकळा करण्यासाठीच होती.

प्रश्न : काही ठिकाणी आवाज ऐकू येतो, पण बोलणारा दिसत नाही. असं का?

उत्तर : आवाज टिपणारी नाग्रा टेपयंत्रं कॅमेऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालू होती. फिल्म साधारण ६० तासांची, आवाज १५० तासांचा. जिथे चित्रच नाही तिथे दुसरं दृश्य लावलं आहे.

प्रश्न : १९६७ साली टेपवर चारच ट्रॅक (आवाजाचे स्वतंत्र पट्टे) असताना एवढी वाद्यं कशी मावली?

उत्तर : एका यंत्रावरचे चार भरलेले ट्रॅक दुसऱ्या यंत्रावर एका किंवा दोन ट्रॅकमध्ये एकत्र उतरवायचे, उरलेले मोकळे. किंमत दोन प्रकारची. एकदा मिसळलं की ड्रम जरा वर, गिटार जरा खाली असं नंतर करता येत नाही, म्हणजे अंतिम समतोल अर्ध्या वाटेवरच ठरवावा लागतो. आणि प्रत्येक नकलेला फितीची सळसळ वाढते (तेवढाच गोंगाट पुन्हा मिसळला तर ३ डेसिबल) आणि झांजांची धार बोथट होते. सर्वांत आधी वाजवलेलं वाद्य सर्वांत जास्त झिजतं. म्हणून मॅकार्टनी त्या काळात बास बऱ्याचदा शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवायचा.

‘अ डे इन द लाइफ’साठी १० फेब्रुवारीला ४० वादकांचा ताफा आला तेव्हा हेही पुरेना. स्टुडिओचा तंत्रज्ञ केन टाउनसेंडने एका ट्रॅकवर ५० हर्ट्झचा सूर भरून त्याच्या आधारे दुसरं यंत्र पहिल्याच्या वेगाला बांधलं. वेग जुळायचा, दोन्ही नेमकी एकाच क्षणी सुरू करणं मात्र हाताचं काम.

प्रश्न : ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’मध्ये दोन वेगळ्या पट्ट्यांतले टेक जोडलेत म्हणतात. शक्य आहे?

उत्तर : टेपवर वेग आणि पट्टी एकत्रच हलतात. वेग ६ टक्के उतरवला की सूर साधारण अर्धा स्वर खाली येतो आणि १००ची लय ९४वर. लेननला सातव्या टेकची सुरुवात आणि सव्विसाव्याचा पुढचा भाग हवा होता. सव्विसावा वरच्या पट्टीत होता आणि जलदही. म्हणून वेग उतरवल्यावर दोन्ही फरक एकदम मिटत आले. तो हळू असूनही वरच्या पट्टीत असता, तर एक जुळवताना दुसरं आणखी बिघडलं असतं. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनी अभियंता जेफ एमरिक यांनी वेग जुळवून फीत कापून जोडली. सांधा साधारण १ मिनिटावर आहे. हेडफोन लावा : तिथून चेलो आणि तुताऱ्या शिरतात, आणि फीत मंदावल्यामुळे लेननचा आवाज जाड, झोपाळू होतो.